पानगळीत कालव्यावर एक दिवस : कुटुंबासह नॅरोबोट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. पानगळीच्या दिवसांत वेल्समधल्या लँगॉलेन कालव्यावर एका दिवसासाठी बोट घेऊन आम्ही आजवर तीनदा गेलो आहोत. पहिल्यांदा गेलो तेव्हा सांगलीहून आलेले सासू-सासरे आणि दोन्ही मुलं बरोबर होती. फोटो पाहून ओळखीची मराठी कुटुंबं विचारायला लागली आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगू लागले. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

नॅरोबोट म्हणजे नेमकं काय?

नावाप्रमाणेच अरुंद बोट. रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत असू शकते. इथल्या जुन्या कालव्यांवरची लॉक (बोट वर-खाली न्यायचे, दोन दारांमधले पाण्याचे हौद) साधारण ७ फूट रुंदीची बांधली होती, त्यांत मावावी म्हणून बोट अशी पट्टीसारखी. या बोटींतून पूर्वी कोळसा, चुनखडी, लोखंड, चिनी माती असा माल जायचा. ओढायला घोडा. घोडा ज्या पायवाटेवरून चालायचा तिला टोपाथ म्हणतात आणि आज त्याच वाटेवर लोक फिरायला येतात, सायकली चालवतात. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांना ओल्या दोरांनी घासून घासून पडलेल्या खोल खाचा अजून दिसतात. टोपाथवरून चालताना त्या खाचांत हाताचं बोट घालून बघता येतं.

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताला पाणी, पाटकरी आणि पाळीपाळीने सुटणारं आवर्तन डोळ्यांपुढे येतं. इथे कालवा म्हणजे मुळात मालवाहतुकीचा रस्ता. रेल्वे यायच्या आधीचा.

दिवसापुरती भाड्याने मिळते ती ‘डे बोट’. ती बरीच आखूड असते. आत बाकं, टेबल, छोटासा ओटा, किटली, टॉयलेट. झोपायची सोय नसते.

कुठून कुठे जावं?

पहिल्यांदा जात असाल तर माझं ठाम मत आहे, याच कालव्यावरच्या ट्रेव्हर गावाहून चर्क गावाकडे जा आणि परत या. पाचेक मैलांच्या या पट्ट्यात एकही लॉक नाही, पण दोन जलसेतू (दरीवरून कालवा नेणारे पूल) आणि दोन बोगदे आहेत. एका दिवसात इतकं दुसरीकडे क्वचितच मिळेल. लँगॉलेनजवळच्या हॉर्सशू फॉल्स या बंधाऱ्यापासून चर्कच्या पुढेपर्यंतचा ११ मैलांचा हा भाग २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

ट्रेव्हरहून उलट दिशेला, लँगॉलेन गावाकडेही कालवा जातो. तिकडे काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद आहे की दोन बोटी समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. एक माणूस पुढे टोपाथवरून चालत जाऊन वाट मोकळी आहे का ते बघतो. देखणा आहे तोही भाग, पण नवख्यांनी दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा. तुमची कंपनी कुठपर्यंत जाऊ देते ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

लायसन्स लागतं का? आमच्यापैकी कुणी कधी बोट चालवलेली नाही.

नाही लागत. सकाळी कंपनीचा माणूस अर्धा तास सगळं समजावतो आणि थोडं अंतर बरोबर येतो. त्या अर्ध्या तासात सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, तिथेच उभं राहावं. एकाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी सामान लावत बसायचं असं करू नका. दुपारी चालवणारा बदलला की त्याला काहीच माहीत नसतं. आणि दारू दिवस संपल्यावर. चालवणाऱ्याने तर नाहीच.

चालवतात कशी?

मागच्या टोकाला उभं राहून, हातात सुकाणूचा दांडा धरून. त्याला टिलर म्हणतात. दांडा उजवीकडे ढकलला की बोटीचं नाक डावीकडे वळतं. पहिली वीस मिनिटं डोकं आणि हात एकमेकांचं ऐकत नाहीत, मग अचानक जमतं. इंजिनाची बारीक थरथर दांड्यातून तळहातात येत राहते आणि थोड्या वेळाने ती जाणवेनाशी होते. ती थरथर बदलली, जड झाली, तर बोटीला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलंय हे कानाआधी हाताला कळतं.

लक्षात ठेवण्यासारखं हे : बोट गाडीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही, मधल्या भागावर फिरते. नाक डावीकडे गेलं की शेपटी उजवीकडे जाते. ब्रेक नाही, थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, आणि तोही लवकर. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काम करत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे राहायचं, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नेमकं उलट. वेगमर्यादा ताशी ४ मैल असली तरी प्रत्यक्षात त्याहून हळूच जायचं. मागे काठावर लाट फुटताना दिसली तर वेग जास्त आहे असं समजा. काठाला बांधलेल्या बोटींत लोक राहतात, चुलीवर त्यांचा चहा असतो. त्यांच्याजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, आणि ते बोटीच्या जवळ गेल्यावर नाही, आधीपासूनच.

दिवस कसा आखावा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि हा कुणीच विचारत नाही.

लँगॉलेन कालव्याचं पाणी वाहतं. बहुतेक कालव्यांचं पाणी जवळजवळ स्थिर असतं, याचं नाही. हॉर्सशू फॉल्सपाशी डी नदीचं पाणी कालव्यात घेतात आणि ते पूर्वेकडे चेशरमधल्या हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं, तिथून पिण्यासाठी. १९४४ साली कायदा करून हा कालवा नौकानयनासाठी बंद ठरवला होता. पाणी न्यायला उपयोगी म्हणून तो बुजवला गेला नाही, आणि म्हणूनच आज आपल्याला त्यावरून जाता येतं.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ट्रेव्हरच्या धक्क्यावर आम्ही कागदपत्रांवर सह्या करत होतो, तेव्हा ते एकटेच कालव्याच्या मुख्य पात्राशी जाऊन उभे होते. त्यांनी बीच नावाच्या झाडाचं एक पिवळं पान पाण्यात टाकलं आणि त्याच्या बाजूबाजूने चालायला लागले. पान जलसेतूच्या दिशेने निघालं होतं. परत येऊन म्हणाले, “पाणी आपल्या बरोबरीने चाललंय. येताना उलट लागणार. परतीला जास्त वेळ धरा.” आम्ही हो म्हटलं आणि विसरलो.

जाताना पावणेदोन तासांत चर्क आलं. निवांत जेवलो, किल्ल्याकडे पाय मोकळे करून यावं म्हणून निघालो, आणि बोट वळवून परत निघेपर्यंत दोन वाजून गेले. परतीला बोगद्यात बोट रांगत होती. भिंती दोन्ही बाजूंनी जवळ, पाण्याला मागे सरकायला जागा नाही, त्यामुळे इंजिन वाढवलं तरी वेग वाढत नाही. त्यात बोगद्याच्या तोंडाशी समोरून येणाऱ्या तीन बोटींसाठी थांबावं लागलं. ट्रेव्हरला पोचलो तेव्हा परतीची वेळ टळून पाऊण तास झाला होता, झाडांखाली काळोख दाटला होता आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, एक शब्दही न बोलता पुढे बसून टॉर्च धरून होते. कंपनीच्या माणसाने सौजन्याने बोट बांधून घेतली, पण भाड्याच्या बोटी अंधारात चालवायच्या नसतात आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हापासून आमचा नियम ठरलेला आहे. हातातल्या एकूण वेळाचे पाच भाग करायचे. दोन जायला, तीन यायला. जेवण जाण्याच्या दोन भागांतच किंवा चालत्या बोटीत. वळायची वेळ निघतानाच कागदावर लिहून टिलरजवळ चिकटवायची. ती वेळ झाली की जिथे असू तिथून पुढची वळायची जागा गाठायची आणि फिरायचं, पुढे कितीही सुंदर दिसत असलं तरी.

वळायचं कुठे? बोट तर कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब असते.

त्यासाठी ठरावीक जागी कालव्याचा एक काठ आत कोरून रुंद केलेला असतो. त्याला ‘विंडिंग होल’ म्हणतात. नाक त्या खोबणीत घालायचं आणि शेपटी हळूहळू फिरवायची. कंपनी नकाशावर खुणा करून देते. प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते, आपण कुठे आहोत ते त्यावरूनच कळतं. मुलांना हे क्रमांक मोठ्याने वाचायचं काम द्या. अडचण आली तर फोनवर कंपनीला पहिल्यांदा तोच सांगायचा असतो.

पोंटकसल्टेचा पूल खरंच इतका भीतिदायक आहे का?

वर सांगितलेल्या दोन जलसेतूंपैकी ट्रेव्हरलगतचा तो हा. आधी पूल काय आहे ते सांगते, मग भीतीचं.

डी नदीच्या दरीवरून कालवा नेण्यासाठी अठरा दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची लांबच लांब पन्हळ बसवली आहे आणि त्या पन्हळीत पाणी भरलंय. लांबी १००७ फूट, नदीपासून उंची १२६ फूट, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी. विल्यम जेसॉप आणि थॉमस टेलफर्ड या अभियंत्यांचं हे काम. टेलफर्ड मूळचा स्कॉटलंडमधला पाथरवट. १७९५ मध्ये पायाचा दगड बसला आणि २६ नोव्हेंबर १८०५ रोजी पूल खुला झाला. लोखंड जवळच्याच विल्यम हेझलडीनच्या ओतशाळेतलं. पत्र्यांचे सांधे गळू नयेत म्हणून त्यांत वेल्श फ्लॅनेलचं कापड आणि शिशाचा सफेदा भरला होता. पन्हळीच्या तळाला चक्क बूच आहे. डागडुजी करायची असली की ते काढून पाणी खाली नदीत सोडतात. बाबांनी हे ऐकल्यावर बूच नेमकं कितव्या खांबापाशी आहे असं तीन जणांना विचारलं.

मूळ बेत मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायचा होता. ट्रेव्हरच्या पुढे उत्तरेकडे कालवा जायचा होता, तो कधी झालाच नाही. म्हणून पूल ओलांडून येणारा कालवा सरळ जाऊन ट्रेव्हरच्या धक्क्यात संपतो आणि लँगॉलेनची वाट काटकोनात बाजूला फुटते.

आता भीती. पुलाच्या एका बाजूला टोपाथ आणि भक्कम कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. पाण्याच्या वर लोखंडाचा वीतभर काठ आणि त्यापलीकडे दरी. बोटीत उभं राहिलं की त्या बाजूला काहीच दिसत नाही, नुसती हवा. पण बोट पन्हळीतच असते, ती बाहेर जाऊ शकत नाही. दोन्हीकडे थोडीशीच जागा असते, मध्येच लोखंडाला घासून खडखड होते, तेवढंच. वारा असला तरी बोट पन्हळीलाच टेकते. धोका बोटीला नाही, काठावर वाकणाऱ्या माणसाला आहे. म्हणून पुलावर मुलं आत किंवा पुढच्या बसायच्या जागेत, मोठ्यांच्या मध्ये, बसलेली हवीत. छतावर कुणीही नाही. दारातून बाहेर पाय नाही.

ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी आत, टोपाथच्या बाजूच्या खिडकीशी बसावं. तरीही नको वाटलं तर पुलाआधी उतरून कठड्याच्या बाजूने चालत यावं. यात कमीपणा काही नाही. सासूबाई पहिल्यांदा चालत आल्या, आणि बोटीपेक्षा आधी पोचल्या. दुसऱ्या वर्षी त्या पुढे बसल्या होत्या. खाली नदी पांढरी होऊन दगडांवरून वाहत होती, दोन्ही काठांची झाडं तांबूस, पिवळी, मध्येच एखादा हिरवा ओक. पुलाच्या मधोमध त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “आवाज बघ गं, काहीच नाहीये.” इंजिन मागे, त्या पुढे, म्हणून त्यांना फक्त पाणी पत्र्याला लागल्याचा आवाज येत होता.

पूल एका वेळी एकाच बोटीच्या रुंदीचा आहे. शिरण्याआधी पलीकडून कुणी निघालं नाही ना ते बघायचं.

बोगद्यांचं काय?

दोन आहेत. व्हाइटहाउसेसचा १९१ यार्डांचा आणि चर्कचा ४५९ यार्डांचा. दोन्हींत दोन बोटी समोरासमोर जाऊ शकत नाहीत. आत दिवा दिसला तर बाहेर थांबायचं. आपला पुढचा दिवा आणि आतले दिवे लावायचे, वरून थेंब पडतात म्हणून टोपी घालायची, हात आत. समोरचं उजेडाचं टिकलीएवढं टोक बघत राहायचं, पाण्याकडे नाही. पाण्याकडे बघितलं की बोट भिंतीला लागते.

चर्कचा बोगदा संपतो तिथेच दुसरा जलसेतू सुरू होतो. काळोखातून बाहेर आलो की एकदम सत्तर फूट खाली सेरिओग नदी आणि शेजारी, आपल्यापेक्षाही उंच, रेल्वेचा दगडी पूल. हा जलसेतू १८०१ चा. तो ओलांडताना आपण वेल्समधून इंग्लंडमध्ये जातो. मुलांना ही सरहद्द फार आवडते.

लॉक असलेला रस्ता घेतला तर?

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं आणि वरच्या किंवा खालच्या पातळीला जायचं. झडपा फिरवायला काटकोनात वळलेली चावी मिळते, तिला विंडलास म्हणतात. मजा आहे, पण लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असताना पहिल्याच दिवशी नको. एक धोका मात्र प्रत्येकाला माहीत हवा. खाली उतरताना वरच्या दाराच्या आत दगडी उंबरा असतो. पाणी उतरत असताना बोटीचा मागचा भाग त्या उंबऱ्यावर अडकला तर बोट नाकावर उलटू शकते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोट तिच्या पुढेच ठेवायची.

पाणी खोल आहे का? कुणी पडलं तर?

बहुतेक ठिकाणी कमरेच्या आसपास. मोठा माणूस उभा राहू शकतो. धोका खोलीचा नाही, पंख्याचा आणि थंडीचा आहे. कुणी पडलं तर ताबडतोब इंजिन न्यूट्रलला. रिव्हर्स कधीही टाकायचा नाही, बोट मागे येऊन पंखा माणसावर जातो. पडलेल्याला ओरडून उभं राहायला सांगा, काठाकडे चालवा, कपडे बदलून ऊब द्या. ऑक्टोबरच्या पाण्याने दम लागतो, तेव्हा पोहता येणाऱ्यालाही क्षणभर काही सुचत नाही.

बोट कित्येक टनांची असते. काठाला लागतेय असं वाटलं की आपला हात किंवा पाय आपोआप मध्ये जातो. तो घालू नका. लागू दे. बोट त्यासाठीच बनवलेली आहे, हाडं नाहीत. दोर हाताला गुंडाळू नका. आणि काठावर उडी नाही, बोट टेकल्यावर पाऊल टाकायचं.

मुंबई-कोकणातल्यांना लेप्टो माहीत आहे. तोच आजार इथल्या कालव्याच्या पाण्यातूनही होऊ शकतो. हाताला जखम असेल तर झाकावी आणि खाण्याआधी साबणाने हात धुवावेत.

लहान मुलं कंटाळत नाहीत का?

आमची तरी नाही, कारण त्यांना कामं होती. पुलांचे क्रमांक वाचणं, बोगद्यात दिवे लावणं, समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करणं. कालव्यावर सगळेच हात करतात. लाइफ जॅकेट कंपनी देते, मुलांच्या मापाची आहेत का ते आधी कळवून ठेवा. बाहेर असताना जॅकेट अंगात, यावर चर्चा नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला सरळ पट्ट्यात, मोठ्याचा हात वर असताना, टिलर धरू द्या. त्या दिवसातलं त्याला पुढे तेवढंच आठवेल.

आजी-आजोबांना झेपेल?

चालता येत असेल आणि दोन-तीन उंच पायऱ्या उतरता येत असतील तर नक्की. चढ-उतर हीच एक अडचण. सकाळी धक्क्यावर सगळ्यात आधी त्यांना बसवा आणि एकदाच बसवा. गुडघे दुखत असतील तर पुढच्या बाजूचं दार वापरा, तिथे बहुधा सोपं जातं. बोट डुलत नाही, त्यामुळे मळमळ होत नाही. इंग्लंड बघायला आलेल्या आई-बाबांना आपण लंडनमध्ये दिवसभर पायी फिरवतो आणि संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. इथे बसल्या जागी डोंगर, नदी, मेंढ्या, गावं समोरून जातात. मला विचाराल तर पाहुण्यांना आधी इथेच आणावं.

कपडे काय घालावेत? पाऊस आला तर?

पाऊस येणार असं धरूनच चला. आतले लोक कोरडे राहतात, टिलरवरचा माणूस उघड्यावर असतो. त्याला वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट, कानटोपी, हातमोजे. हालचाल नसल्यामुळे बारा-तेरा अंशांतही गारठा हाडांत शिरतो. दर अर्ध्या तासाने माणूस बदला. बूट पकड असलेले हवेत. ओली पानं बोटीच्या काठावर पडली की पाय साबणावरून घसरल्यासारखा घसरतो. छत्री घेऊ नका, पुलाखाली आणि झाडांत अडकते.

खायला काय न्यावं?

एका हाताने खाता येईल ते. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि केळी नेतो. दिवाळी आसपास असेल तर चकल्यांचा डबा. टिलरवरच्या माणसाला दशमीत चटणी-लोणी घालून गुंडाळी करून द्यायची. चहा बोटीतच होतो, आलं ठेचून न्या. तळण-फोडणी बोटीत नको, जागा लहान, गॅस लहान आणि बोट कधी धक्का खाईल सांगता येत नाही. गॅस चालू असताना खिडकी किलकिली ठेवा.

टॉयलेट असतं का?

असतं, टाकीचं. टाकीत काय जाऊ द्यायचं नाही ते सकाळीच सांगतात, ते मुलांनाही सांगा.

पानगळीत पानांमुळे अडचण येते का?

येते, आणि फक्त याच दिवसांत. पाण्यावर पानांचा जाड थर असतो, तो पंख्याभोवती गोळा होतो. इंजिन ओरडतं आणि बोट पुढे जात नाही. मग न्यूट्रल, क्षणभर रिव्हर्सचा जोर, परत न्यूट्रल, परत पुढे. मागून तपकिरी लगदा वर येताना दिसतो आणि बोट मोकळी होते. झाडीतल्या पट्ट्यात हे चार-पाचदा करावं लागलं तरी घाबरू नका. दोर किंवा प्लास्टिक गुंडाळलं गेलं असेल तर मात्र काठाला लागा, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि कंपनीला फोन करा.

बोट गाळात रुतली तर पुढे जोर लावू नका, आणखी रुतते. हळू रिव्हर्स, सगळ्यांनी खोल पाण्याच्या बाजूला सरकायचं आणि छतावरच्या लांब काठीने काठ ढकलायचा.

वाटेत काय दिसतं?

झाडं तर आहेतच. बीच तांब्यासारखा, बर्च पिवळाधमक. पण मला पक्ष्यांचं सांगायचंय. टोपाथच्या कडेला एका पायावर उभा असलेला राखी बगळा आपल्या तळ्यांवर दिसतो तोच आहे. आणि निळी रेघ ओढत पाण्यालगत जाणारा लहान खंड्याही आपलाच. बाबांनी त्याला पहिल्यांदा ओळखलं आणि मुलांना नाव सांगितलं. मुलं तोवर त्याला फक्त इंग्रजी नावानेच ओळखत होती.

कधी जावं?

ऑक्टोबरचा मधला पंधरवडा. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, रंग भरात असतात. शाळांची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी येते, तेव्हा गर्दी असते. शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेपाचलाच अंधारतं. त्यानंतर जाणार असाल तर पाचांतले दोन भागही लहान धरा. नोव्हेंबरपासून कालव्यांच्या दुरुस्त्या सुरू होतात आणि काही पट्टे बंद असतात. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ सांभाळतो, बंद-चालूची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर मिळते.

खर्च?

भाडं बोटीचं असतं, माणशी नाही. एका बोटीत आठ ते बारा जण बसतात. दोन कुटुंबं मिळून गेलात तर परवडतं. मधल्या वारी स्वस्त पडतं. डिझेल आणि विमा धरून आहे का आणि अनामत किती ते विचारून घ्या.

पोचायचं कसं?

बर्मिंगहॅमहून श्रूजबरीमार्गे येणारी रेल्वे चर्क आणि रुआबॉन दोन्हीकडे थांबते. आम्ही मँचेस्टरकडचे चेस्टरला बदलतो. ट्रेव्हरसाठी रुआबॉनला उतरून बस किंवा टॅक्सी. बोट सकाळी नऊ-साडेनऊला ताब्यात मिळते, त्यामुळे वयस्कांना घेऊन आदल्या रात्री जवळ मुक्काम केलेला बरा.

स्टेशनवर गावाचं नाव विचारताना एक गंमत. लँगॉलेनच्या स्पेलिंगमधले जोडीचे ‘ल’ (ll) वेल्श माणूस आपल्या ‘ल’सारखे म्हणत नाही. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा फुंकायची. सासूबाईंना ते पहिल्या झटक्यात आलं आणि दुकानातली बाई खूश झाली.

आम्ही लंडनकडे किंवा दक्षिणेला राहतो, एवढं लांब नको.

मग केनेट अँड एव्हन कालव्यावर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून बाथच्या दिशेने जा. वाटेत एव्हनक्लिफ आणि डंडस हे अभियंता जॉन रेनीचे दगडी जलसेतू लागतात, बाथच्या पिवळसर दगडातले. यॉर्कशरकडे असाल तर स्किप्टनहून लीड्स अँड लिव्हरपूल कालवा. तिथे रस्त्यातले फिरते पूल आपणच उघडायचे असतात, थोरल्या मुलांना ते काम आवडेल. पाणी वाहण्याचा प्रश्न या दोन्हीकडे लँगॉलेनएवढा नाही, पण वळायची वेळ तिथेही लिहूनच निघा.

कुत्रा नेता येतो?

बहुतेक कंपन्या नेऊ देतात. आधी सांगावं लागतं.

बोट परत दिल्यावर लगेच निघावं का?

वेळेत परतलात आणि उजेड असेल तर नाही. बोट बांधून झाली की आजी-आजोबांना धक्क्यावरच्या बाकावर चहा घेऊन बसवा आणि मुलांना घेऊन पुलाच्या टोपाथवरून मधल्या खांबापर्यंत चालत जा. सकाळी ज्या पन्हळीतून गेलो तिच्या काठाशी आता आपण उभे असतो. पाणी कठड्याच्या आत, हाताच्या अंतरावर. गेल्या वर्षी धाकट्याने तिथे एक पान टाकलं आणि त्याच्याबरोबर चालत निघाला. ते चर्ककडे चाललं होतं.